शेरा

कक्ष क्रमांक चारशे बारा. चैत्र उतरणीला लागलेला.
सालई नागडी, येन नागडा,
मोहाला नुकती तांबूस पालवी,
तापातून उठलेल्या माणसाच्या ओठांसारखी.
आणि मध्येच, खडकाच्या खांद्यावर
जाड चामडी पानांची सावली धरून
चाराचं एक झाड हिरवंगार,
ऋतू पालटल्याचं त्याला कुणी कळवलंच नाही जणू.

मी छातीच्या उंचीवर टेप फिरवतो.
साल मगरीच्या पाठीसारखी, चौकोन चौकोन तडकलेली.
घेर शहाण्णव सेंटिमीटर.
पांढऱ्या रंगानं आकडा घालतो: सतरा.
रकाने भरतो. जात. घेर. उंची. रोपे. शेरा.

माझ्या आधी बिरजा हलामी पोचलेली.
टोपलीत काळीजांभळी फळं,
ओठ तसेच, बोटंही तशीच.
"मोजता का जी?"
"मोजतो."
"तोडलेले बी मोजता?"

हनुवटीनं दाखवते. नाल्याच्या अंगाला बुंधे,
एक, दोन, आणि झुडपात तिसरा.
"भिवजीच्या पोरानं फांद्याच उतरवल्या,
फळं हिरवीच होती तवा.
त्यानं नाही उतरवल्या तं
पल्याडच्या गावचे येतेत."
बुंध्यांसाठी माझ्या कागदात रकाना नाही.

लहानपणी वर्ध्याला, बासुंदीच्या वाटीतून
मी जिभेनं चारोळ्या वेचायचो
आणि ताटाच्या कडेला लावायचो ओळीनं.
नऊ, दहा, अकरा.
आई रागवायची, महाग आहेत म्हणून.
मला वाटायचं त्या दुकानातच बनतात,
साबुदाण्यासारख्या.

बिरजा चारोरी म्हणते.
भिजवायची, तळव्यांनी चोळायची,
गर गेला की वाळवायची अंगणात,
मग जात्यात.
"जातं घट्ट फिरवलं तं पीठ होते,
सैल फिरवलं तं गोटाच राह्यते.
दळाचं नाही जी. नुसतं सांगाचं त्याला, उघड म्हणून."

तिच्या मायच्या वेळी मीठवाला यायचा
बैलाच्या पाठीवर गोणी घालून.
पायलीला पायली.
एवढी चारोरी, एवढं मीठ.
"मापात खोट नव्हती."
मग फळ चोखत थोडा वेळ गप्प.
"माप त्याचंच होतं."

रोपं का दिसत नाहीत, मी विचारतो.
दोन दिवसांत सतरा झाडं, सगळी माझ्या वयाची
किंवा माझ्या बापाच्या.
लेकरू एकही नाही.
ती टोपली खाली ठेवते, पदर खोचते,
खडकाच्या मागे नेते.

तिथे वाळून भुगा झालेली अस्वलाची विष्ठा,
तिच्यात बिया, मूठभर,
कुणी पाखडून ठेवाव्यात अशा स्वच्छ.
आणि वीतभर अंतरावर
गेल्या पावसाळ्यातलं असावं,
चार पानांचं, धूळ खाल्लेलं, करंगळीएवढं देठ.

"आम्ही घरी नेतो, फोडतो, विकतो.
थो खाते नं इथंच ठेवून जाते."
थो म्हणजे अस्वल.
नाव घ्यायचं नसतं त्याचं, तो ऐकतो.

रोपेच्या रकान्यात मी एक लिहितो.
शेऱ्यात निरंक लिहायची पद्धत आहे.
मी लिहितो: अस्वलाने लावले.
क्षेत्रसाहेब खोडतील, तांबड्या शाईनं,
वर विचारतील, प्यायला होतास का.

निघताना तिनं ओंजळभर फळं दिली.
आंबटगोड, तोंडाला किंचित चिकटणारी.
बिया मी खिशात टाकत होतो,
रुमालात नीट बांधून,
सरकारी माणसाच्या सवयीनं.

"थुका," ती म्हणाली.
"झाडाखाली नको. लांब थुका."

मी थुंकलो.